बोस्टन येथील मधुमेहाची पाठशाळा

अमेरिकेहून परत येणाऱ्या गृहस्थांच्या तोंडून त्या देशाचीं वर्णनें ऐकण्याची आपल्या मंडळींस आतां इतकी संवय झाली आहे कीं, नायगाऱ्याचा धबधबा, न्यूयॉर्कचे गगनचुंबी वाडे आणि वॉशिंग्टनचें शुभ्र राजभवन हीं न पाहतांही डोळ्यांपुढें उभीं राहतात. ह्यांपैकीं कशाचेंही वर्णन करण्याचा आमचा मानस नाहीं. २०१८ सालच्या शरदृतूंत आम्ही सहकुटुंब बोस्टन शहरीं चिरंजीवांकडे तीन महिने राहिलों. त्या मुक्कामांत जें स्थळ आम्हांस सर्वांत अधिक पाहण्याजोगें वाटलें, तें पाहण्यास प्रवासी सहसा जात नाहींत. तें स्थळ म्हणजे जॉस्लिन मधुमेह केंद्र. ज्या घरीं मधुमेह नाहीं असें घर आपल्या समाजांत आतां शोधूनच काढावें लागेल. सबब ह्या स्थळाची हकीकत वाचकांस सादर करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आमच्या जाण्यास निमित्त झालें तें आमच्या नातीचें. चिरंजीवांची ही एकुलती एक कन्या. वयाच्या नवव्या वर्षीं तिला मधुमेह जडला, आणि तेव्हांपासून दिवसांतून अनेक वेळां इन्सुलिन घेणें हा तिचा नित्यक्रम होऊन बसला. आम्ही गेलों तेव्हां ती तेरा वर्षांची होती. ही बातमी प्रथम पुण्यास आली, त्या वेळीं आमच्या आप्तवर्गांत जी कुजबुज झाली, तसली वाचकांपैकीं अनेकांनीं आपापल्या घरीं ऐकलीच असेल. कोणी म्हणाले, लहानपणीं गोडधोड फार दिलें असेल. कोणी तिच्या आईच्या माहेरची चौकशी केली. आणि वडीलधाऱ्या बायकांनीं एकमुखानें सल्ला दिला कीं, मुलीची जात आहे, बाहेर वाच्यता करूं नये. आमच्या कुटुंबासही हा सल्ला पटला होता. पुढें लग्नाच्या वेळीं काय सांगावयाचें, आणि लग्न झालेंच तर हिला मूलबाळ होईल कीं नाहीं, ह्या दोन प्रश्नांचें ओझें मनांत घेऊनच ती आमच्याबरोबर विमानांत बसली होती.

बोस्टनच्या नैर्ऋत्येस लाँगवुड म्हणून जो भाग आहे, त्याला वैद्यांची आळी म्हटलें तरी चालेल. आपल्याकडे जशी तांबट आळी किंवा बोहरी आळी, तशीच ही. हार्वर्ड विद्यापीठाचें वैद्यक महाविद्यालय, लहान मुलांचें मोठें रुग्णालय, कर्करोगाची डेना-फार्बर संस्था, अशा अनेक प्रख्यात संस्था तेथें एकमेकींस खेटून उभ्या आहेत. आम्ही ट्रामनें लाँगवुडच्या स्थानकावर उतरलों आणि पायींच निघालों. वाटेंत एक चिमुकली नदी लागते. तिचें नांव ‘मडी रिव्हर’, म्हणजे सरळ मराठींत गढूळ नदी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड ह्या उद्यानशिल्पज्ञानें ह्या नदीकांठचा प्रदेश आणि शहरांतील इतर बागा एका सूत्रांत ओवून त्यांची जी माळ केली, तिला तेथील लोक ‘पाचूचा हार’ म्हणतात. आम्ही गेलों तेव्हां मेपल वृक्षांचीं पानें लाल व केशरी झालीं होतीं, त्यामुळें तो हार पाचूचा नसून पोवळ्यांचा भासत होता. नात पुढें आणि आम्ही मागें असे चालत नदी ओलांडून पलीकडे गेलों, कीं थोड्याच अंतरावर ‘एक, जॉस्लिन प्लेस’ हा पत्ता येतो. जिच्या नांवानें गल्लीस नांव पडलें ती ही संस्था.

इमारत साधी, शिखरें नाहींत, कमानी नाहींत. परंतु आंत जो प्रकार आम्हीं पाहिला त्यानें आमचें लक्ष वेधून घेतलें. नातीच्या तपासणीच्या वेळीं आम्हां वडील माणसांसही बरोबर बसूं दिलें. एक मध्यमवयीन बाई आल्या. त्या डॉक्टर नव्हेत. रोग्यांस शिकविणें हेंच त्यांचें काम. त्यांनीं आमच्या चिरंजीवांस किंवा सूनबाईंस कांहीं एक न विचारतां प्रथम मुलीकडे वळून प्रश्न केले. काल रात्रीं काय जेवलीस? त्यांत पिष्ट किती ग्रॅम असावें असा अंदाज केलास? त्यास इन्सुलिन किती घेतलेंस? ताप आला आणि अन्न जाईना, तर इन्सुलिन बंद करशील कीं चालू ठेवशील? खेळतांना हातपाय कांपूं लागले तर प्रथम काय करशील? नात एकेक उत्तर देत होती, आणि बाई ‘असें कां?’ म्हणून पुन्हां विचारीत होत्या. तिनें पुरणपोळीचा हिशेब सांगितला, तेव्हां पुरण कशाचें, गूळ किती, पोळी केवढी, हें सर्व त्या बाईंनीं लिहून घेतलें. आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत काढलीं आहेत. हा काय प्रकार आहे हें ओळखण्यास आम्हांस वेळ लागला नाहीं. ही तोंडी परीक्षा होती, आणि परीक्षक चांगला होता. रुग्णालय म्हणून आम्ही जेथें आलों होतों, तेथें चालली होती ती शाळा.

ही शाळा ज्यांनीं घातली, त्या एलियट प्रॉक्टर जॉस्लिन ह्यांचें चरित्र सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. त्यांचा जन्म १८६९ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील ऑक्सफर्ड नांवाच्या लहानशा गांवीं झाला. येल येथें पदवी घेऊन ते हार्वर्डच्या वैद्यक महाविद्यालयांत गेले, १८९५ सालीं वैद्य झाले, आणि १८९८ पासून बोस्टनमध्यें व्यवसाय करूं लागले. त्या काळीं वैद्य म्हटला कीं तो सर्व रोगांचा. एकाच रोगास आयुष्य वाहणारा मनुष्य विरळा, आणि तोही असा रोग कीं ज्यावर औषध नाहीं! परंतु जॉस्लिन ह्यांनीं विद्यार्थिदशेंतच, १८९३ सालीं, एक वही घातली आणि मधुमेहाच्या रोग्यांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. रोग्याचें वय, वजन, मूत्रांतील शर्करेचें प्रमाण, आहार आणि परिणाम ह्या सर्वांची त्या वहींत टिपणें असत. पुढें त्यांच्या मातेसच हा रोग जडला, आणि त्याच वहींत इतर रोग्यांबरोबर तिचीही नोंद झाली. हें वाचल्यावर त्या वहीकडे पाहण्याची आमची दृष्टि बदलली. आईचें नांव जींत लिहिलें, त्या वहींत खोटें किंवा अर्धवट लिहिण्याची छाती कोणत्या मुलास होईल? रोगी घरीं गेल्यावरही त्याचें पुढें काय झालें ह्याचा शोध जॉस्लिन घेत असत. अशा त्या नोंदी वाढत वाढत त्यांचे अनेक खंड झाले, आणि रोगाविषयीं जेथें केवळ मतें होतीं तेथें पुरावा उभा राहिला.

त्या वेळची स्थिति काय होती हें आजच्या पिढीस सांगूनही खरें वाटणार नाहीं. आपल्या शरीरांत जठरामागें स्वादुपिंड म्हणून एक ग्रंथि आहे. तींतून निघणाऱ्या इन्सुलिन ह्या रसाच्या बळावर अन्नांतील शर्करा शरीराच्या उपयोगीं पडते. लहान मुलांस जो मधुमेह होतो, त्यांत बहुधा शरीराची रक्षकशक्तिच उलटून स्वादुपिंडांतील इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करिते. गोड खाण्याशीं त्याचा संबंध नाहीं, आणि आईबापांच्या अपराधाशीं तर मुळींच नाहीं. हा रोग जडलेलें मूल १९२२ पूर्वी फार दिवस जगत नसे. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत काम करणाऱ्या फ्रेडरिक अ‍ॅलन ह्यांनीं १९१५ च्या सुमारास लंघनाची रीति पुढें आणिली. अन्न, विशेषतः पिष्ट, इतकें कमी करावयाचें कीं मूत्रांतील शर्करा नाहींशी व्हावी. जॉस्लिन ह्यांनींही ती स्वीकारली, कारण दुसरा उपाय नव्हता. त्या रीतीनें मुलें कांहीं महिने, क्वचित् कांहीं वर्षें अधिक जगत. परंतु तीं हाडांचे सांपळे होऊन जगत. रोगानें मरूं द्यावें कीं भुकेनें, एवढाच पर्याय त्या काळच्या आईबापांच्या हातीं होता.

नंतर कॅनडांतील टोरांटो शहरीं १९२१ सालीं फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट ह्यांनीं प्राध्यापक मॅक्लाउड ह्यांच्या प्रयोगशाळेंत स्वादुपिंडाचा अर्क काढला, जेम्स कॉलिप ह्यांनीं तो शुद्ध केला, आणि जानेवारी १९२२ मध्यें लिओनार्ड टॉम्प्सन ह्या चौदा वर्षांच्या मुलास तो प्रथम टोंचण्यांत आला. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत बोस्टनमध्यें जॉस्लिन ह्यांनीं आपल्या एका रोगी परिचारिकेस इन्सुलिन दिलें. जी बाई लंघनानें क्षीण होऊन घराबाहेर पडूं शकत नव्हती, ती थोड्याच आठवड्यांत रोज फिरावयास जाऊं लागली. बँटिंग व मॅक्लाउड ह्यांस १९२३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

येथपर्यंतची गोष्ट वाचकांनीं कोठें ना कोठें वाचली असेल. जॉस्लिन ह्यांचें नेतृत्व दिसतें तें ह्यापुढें. जगांतील बहुतेकांस वाटलें कीं औषध सांपडलें, आतां प्रश्न मिटला. जॉस्लिन ह्यांस दिसलें कीं प्रश्न आतां खरा सुरू झाला आहे. कारण हें औषध रोग घालवीत नाहीं, तें रोज आणि जन्मभर घ्यावें लागतें. कमी पडलें तर शर्करा वाढून डोळे, मूत्रपिंड आणि पाय ह्यांचा घात होतो. अधिक झालें तर शर्करा उतरून मनुष्य बेशुद्ध पडतो. असें दुधारी शस्त्र प्रत्येक घटकेस डॉक्टरच्या हातीं ठेवणें शक्य नाहीं. तें रोग्याच्याच हातीं दिलें पाहिजे, आणि द्यावयाचें तर आधीं त्याला शिकविलें पाहिजे. त्यांनीं वैद्यांसाठीं १९१६ सालीं मधुमेहचिकित्सेवर मोठा ग्रंथ लिहिला होताच. पण लागलीच १९१८ सालीं रोग्यांसाठीं सोपें पुस्तकही लिहिलें. ह्या दुसऱ्या पुस्तकाचें मोल आम्हांस अधिक वाटतें. परिचारिकांस शिकवून तयार करावयाचें आणि त्यांनीं रोग्यांच्या घरीं जाऊन स्वयंपाकघरांतच धडे द्यावयाचे, अशीही पद्धति त्यांनीं घातली. आमच्या नातीची परीक्षा घेणारी बाई ही त्या परंपरेंतली.

जॉस्लिन मधुमेही मनुष्यास रथाच्या सारथ्याची उपमा देत असत. त्याच्या रथास तीन घोडे: आहार, इन्सुलिन आणि व्यायाम. एक घोडा हांकणें सोपें, दोन हांकणें कठिण, आणि तिन्ही एका चालीनें चालविणारा खरा कुशल. ही उपमा ऐकतांच ज्यांनीं कठोपनिषद् वाचलें आहे त्यांस त्यांतील रथाचें रूपक आठवल्याशिवाय राहणार नाहीं. तेथें शरीर हा रथ, बुद्धि हा सारथि, मन हा लगाम आणि इंद्रियें हे घोडे. ह्या दोहोंचा ऐतिहासिक संबंध जोडण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु आवरावयाचे घोडे कोणतेही असोत, लगाम दुसऱ्याच्या हातीं देतां येत नाहीं, ही गोष्ट दोन्हीं ठिकाणीं सारखीच आहे. वैद्यानें घोड्यांची परीक्षा करावी, चाकांस तेल घालावें, मार्ग सांगावा. रथ हांकण्याचें काम तेरा वर्षांच्या मुलीचें.

आतां आमच्या कुटुंबाच्या प्रश्नाकडे वळूं. परीक्षा संपल्यावर नात दुसऱ्या खोलींत गेली, तेव्हां तिनें सूनबाईंस खुणेनें जवळ बोलावून विचारलें, ‘अगं, त्यांना विचार ना, हिला पुढें मूल होईल का?’ सूनबाई किंचित् संकोचल्या; पण त्यांनीं प्रश्न इंग्रजींत सांगितला. बाईंनीं तो शांतपणें ऐकला आणि उत्तरादाखल एका डॉक्टर बाईची गोष्ट सांगितली. ती आम्हीं नंतर पुस्तकांतूनही पडताळून पाहिली.

डॉक्टर प्रिसिला व्हाइट ह्यांचा जन्म १९०० सालचा. १९२४ सालीं त्या जॉस्लिन ह्यांच्या हाताखालीं आल्या. वैद्यकांत स्त्रियांस फारशी वाट मिळत नव्हती असा तो काळ. जॉस्लिन ह्यांनीं लहान मुलांचे आणि गरोदर स्त्रियांचे रोगी त्यांजकडे सोंपविले. इन्सुलिनपूर्वी मधुमेही मुलगी तरुण वयास पोंचतच नसे. आतां पोंचूं लागली, लग्नें होऊं लागलीं, आणि नवाच प्रश्न उभा राहिला. गरोदर मधुमेही स्त्री वांचे, परंतु तिचें मूल बहुधा पोटांतच किंवा जन्मतांच दगावे. व्हाइट बाईंनीं आरंभ केला तेव्हां त्यांच्या रोग्यांत जवळजवळ निम्मींच मुलें वांचत असत. त्यांनीं प्रत्येक गर्भिणीची शर्करा बारकाईनें सांभाळली, प्रसूतीची वेळ विचारपूर्वक ठरविली, प्रसूतितज्ज्ञ आणि बालवैद्य ह्यांस एकत्र बसविलें. रोग किती वयांत जडला, किती वर्षें आहे आणि रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम झाला आहे कीं नाहीं, ह्यांवरून त्यांनीं गर्भिणींचे वर्ग पाडले; १९४९ सालीं प्रसिद्ध झालेलें तें वर्गीकरण त्यांच्याच नांवानें जगभर चाललें. १९७४ सालीं त्या निवृत्त झाल्या, तेव्हां वांचणाऱ्या मुलांचें प्रमाण शेंकडा नव्वदांच्या वर गेलें होतें. पन्नास वर्षें एका बाईनें एकच काम केलें, त्याचें हें फळ. आजही गर्भधारणेपूर्वीपासून शर्करा नीट राखणें आणि नऊ महिने जाणत्या वैद्याच्या देखरेखीखालीं असणें ह्या दोन गोष्टी अवश्य आहेत. त्या केल्या तर मधुमेही स्त्रीस निरोगी मूल होण्याची आशा भरपूर आहे. हें सर्व सूनबाईंनीं मराठींत सांगितलें. आमचें कुटुंब कांहीं वेळ बोललें नाहीं. मग म्हणालें, ‘हें आपल्याकडे कोणी सांगितलंच नव्हतं.’

ह्या वाक्यांत तक्रार होती आणि न्यायही होता. सांगणारा मिळावयास विचारणारा लागतो, आणि जेथें रोग लपविण्याचीच शिकवण, तेथें विचारणार कोण?

जॉस्लिन १९६२ सालीं वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं वारले. मोठा पुरुष गेल्यावर त्याची संस्था थोड्याच दिवसांत कशी ओसाड पडते, हें आपण पुष्कळदां पाहतों. येथें तसें झालें नाहीं. हॉवर्ड रूट आणि अलेक्झांडर मार्बल हे त्यांचे जुने सहकारी धुरा वाहण्यास उभे होतेच. नेत्रवैद्य विल्यम बीथम आणि लॉइड एम. आयेलो ह्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत, मधुमेहानें डोळ्यांच्या पडद्यावर ज्या दुबळ्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांवर लेसर किरणांचा प्रयोग केला. ज्या रोग्यांस पूर्वी अंधत्व अटळ होतें, त्यांपैकीं पुष्कळांची दृष्टि त्या मार्गानें राखतां येऊं लागली. आयेलो ह्यांचे चिरंजीव लॉइड पॉल आयेलो ह्यांनींही तेथेंच नेत्ररोगाचें संशोधन पुढें चालविलें. डॉक्टर रोनाल्ड कान हे १९८१ सालीं संशोधनाचे प्रमुख म्हणून आले आणि २००० पासून २००७ पर्यंत संस्थेचे अध्यक्ष होते. इन्सुलिन पेशीच्या दारावर येऊन जें कुलूप उघडतें, त्या कुलपाची रचना व क्रिया समजण्यांत त्यांच्या कामाचा मोठा वांटा आहे.

जॉस्लिन ह्यांचा एक आग्रह असा होता कीं, शर्करा कसोशीनें ताब्यांत ठेविली तर पुढील उपद्रव टळतील. त्यांच्या हयातींत अनेक विद्वान् वैद्यांनीं हें मत अमान्य केलें. कित्येकांनीं तर रोग्यांस मनमुराद खाऊं द्यावें असें प्रतिपादन केलें. वादाचा निकाल लागावयास जॉस्लिन ह्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षें जावीं लागलीं. अमेरिका व कॅनडा येथील एकोणतीस केंद्रांनीं मिळून १,४४१ रोग्यांवर एक मोठा प्रयोग केला. त्यांत बोस्टनचें हें केंद्रही होतें. १९९३ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांची शर्करा कसोशीनें राखली होती, त्यांस डोळ्यांचा विकार नव्यानें जडण्याचें भय शेंकडा ७६ नीं कमी झालें होतें. मात्र शर्करा एकाएकीं फार उतरण्याचे प्रसंग त्यांस सुमारें तिप्पट आले, हेंही त्याच निबंधांत स्पष्ट लिहिलें आहे. आपल्या मताला अनुकूल तेवढेंच न सांगतां प्रतिकूलही त्याच पानावर मांडणें, ही विद्येची सचोटी होय.

ह्या संस्थेची आणखी एक प्रथा सांगण्यासारखी आहे. इन्सुलिन घेऊन पन्नास वर्षें पूर्ण करणाऱ्या रोग्यास ती पदक देते. ही प्रथा १९७० सालीं सुरू झाली. पुढें पंचाहत्तर वर्षें पुरीं करणारेही निघाले. शाळेंत पहिला आलेल्या मुलास पदक देतात, रणांगणावरील शूरास देतात. परंतु रोज सकाळीं उठून सुई टोंचून घेणें आणि पानावरचा घांस मोजणें हें पन्नास वर्षें न कंटाळतां करणाऱ्यास पदक द्यावें, ही कल्पना आम्हांस अपूर्व वाटली. पुढें डॉक्टर जॉर्ज किंग ह्यांनीं ह्या पदकधारकांचाच अभ्यास आरंभिला. इतकीं वर्षें होऊनही ह्यांपैकीं पुष्कळांचे डोळे व मूत्रपिंड शाबूत कसे, ह्याचा शोध घेतांना असें आढळलें कीं, त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांच्या स्वादुपिंडांत इन्सुलिन करण्याची थोडीशी शक्ति अद्याप उरली आहे. रोग्यांस गुरु करून वैद्यांनीं त्यांजपासून शिकावें, असा हा प्रकार.

आतां कोणी म्हणेल, हें सर्व परदेशचें. आपल्या आयुर्वेदांत हें नव्हतें काय? होतें, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. चरक व सुश्रुत ह्यांनीं वीस प्रमेह सांगितले असून मधुमेह त्यांत आहे. सुश्रुतानें प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्यानें झालेला असे दोन भेदही केले आहेत. निर्धन रोग्यानें पादत्राण व छत्री न घेतां, एका गांवीं एकच रात्र राहून, शंभर योजनें किंवा त्याहून अधिक चालावें, अथवा विहीर खणावी, असा उपाय त्यानें सांगितला आहे. म्हणजे जॉस्लिन ह्यांच्या तीन घोड्यांपैकीं आहार आणि व्यायाम हे दोन सुश्रुताच्या रथास जुंपलेले होतेच. तिसरा मात्र नव्हता, आणि त्याच्यावांचून मुलांचा रथ एक पाऊलही चालत नाहीं. प्राचीनांचा खरा मान राखावयाचा तर हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. ज्या मुलास इन्सुलिन लागतें त्याचें इन्सुलिन काढा किंवा चूर्ण ह्यांच्या भरंवशावर बंद करणें म्हणजे त्यास १९२२ पूर्वीच्या काळांत ढकलणें होय.

आणि आपल्याकडे आज अशा कामाची उणीव आहे असेंही नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भिणींचा अभ्यास सुरू केला. तेथें जन्मणारें मूल सरासरीनें सुमारें २.७ किलोचें, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचें सुमारें ३.५ किलोचें. आपलें मूल इतकें किरकोळ असूनही त्याच्या अंगांत स्नायु कमी व चरबी मात्र त्या मानानें टिकून असते, असें आढळलें. २००४ सालीं याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर युडकिन ह्यांनीं स्वतःचेंच उदाहरण छापलें. दोघांचें उंचीच्या मानानें वजन अगदीं सारखें, पण याज्ञिकांच्या शरीरांत चरबी दुपटीहून अधिक! म्हणून ‘आम्ही सडपातळ, आम्हांस मधुमेहाची भीति नाहीं’ हा आपल्या मंडळींचा समज फोल आहे. अमेरिकेंतील मधुमेह संघानेंही २०१५ सालीं आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी इतरांहून कमी वजनावरच सुरू करावी असें ठरविलें. भारतांत मधुमेहाच्या रोग्यांची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. ह्यांत बहुतेक प्रौढ वयांतील मधुमेहाचे; पण लहान मुलेंही थोडीं नाहींत.

ऑक्सफर्ड हें जॉस्लिन ह्यांचें जन्मगांव बोस्टनहून मोटारीनें सुमारें तासाभराच्या वाटेवर आहे. अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापिका क्लारा बार्टन ह्यांचें जन्मघरही त्याच गांवच्या उत्तर भागांत. तेथें जॉस्लिन ह्यांच्या साहाय्यानें १९३२ सालीं मधुमेही मुलींसाठीं उन्हाळी शिबिर सुरू झालें. मुलांसाठीं १९४८ सालीं जवळच्या चार्लटन गांवीं दुसरें निघालें. आमच्या नातीनें अशा एका शिबिरांत मागील उन्हाळ्यांत दोन आठवडे काढले होते. आम्हीं तिला विचारलें, तेथें विशेष तें काय पाहिलेंस? ती म्हणाली, ‘आजोबा, तिथे जेवणाआधी सगळ्याच मुली सुई टोचतात. कुणी वळून बघत नाही.’ तिच्या ह्या उत्तरानें, इतकीं वर्षें घरांतील वडीलधारी मंडळी वळून पाहत होती ती कशी पाहत होती, हें आमच्या कुटुंबाच्या ध्यानीं आलें असावें. कारण त्या दिवशीं रात्रीं तिनें पुण्यास बहिणीला दूरध्वनि केला आणि नातीच्या दुखण्याची गोष्ट, इतकीं वर्षें जी झांकून ठेविली होती, ती प्रथमच सविस्तर सांगितली.

आमच्या वाचकांच्या घरीं असें एखादें मूल असेल, विशेषतः मुलगी असेल, तर त्यांस आमची विनंति एवढीच कीं, तिच्या शाळेंतील गुरुजनांस आणि घरच्या सर्व माणसांस रोगाची माहिती स्पष्ट द्यावी. शर्करा एकाएकीं उतरली तर साखर कोठें ठेविली आहे हें घरांतील लहानथोरांस ठाऊक असावें. तिच्या हातीं एक वही द्यावी आणि ती तिची तिलाच लिहूं द्यावी. लग्नाचा प्रसंग येईल तेव्हां पहिल्याच भेटींत सर्व सांगावें. आणि वाचक वरपक्षाचे असतील तर, अशी गोष्ट मोकळेपणानें सांगणारें घर समोर आलें असतां, ‘मुलीस रोग आहे’ एवढें ऐकून न उठतां, मुलगी आपला रथ कसा हांकते हें आधीं पाहावें. अंगीं असा नेम बाणलेली सून पुष्कळ निरोगी घरांतही सहसा मिळत नाहीं.